छायेतली बाई

अनंतराव गेल्याचं मला कागलात कळलं. परीक्षेच्या कामासाठी गेलो होतो. शाळेचा शिपाई एस.टी.तून उतरला आणि म्हणाला, “सर, ड्रॉइंगचं मास्तर गेलं की वो...” त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही एकाच शाळेत. ते चित्रकला शिकवायचे, मी भूगोल. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत त्यांचं घर गेलं. अर्धांगवायू झालेल्या वडिलांना पाठीवर घेऊन ते कसबा बावड्याला आमच्या घरी आले. त्यांच्या पत्नी, सुमतीवहिनी, बऱ्याच वेळानं, एकट्याच पोचल्या. हात भाजला होता. सगळे म्हाताऱ्याभोवती गोळा झालेले. माझ्या आईनं तेवढा त्यांच्या हाताला कोरफडीचा गर लावला. पुढं गावात गोष्ट राहिली ती बापाला पाठीवरून आणणाऱ्या मुलाची.

दोन-तीन वर्षांनी अनंतरावांना जुन्या बाजारात एक विलायती चित्र मिळालं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. कुठल्याशा परक्या पुराणातला प्रसंग. शहर जळतंय, तरणा मुलगा म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन निघालाय, बापाच्या हातात घरचे देव. हे चित्र वर्गात लावून ते रचना शिकवत. “ज्वाळा, पडती भिंत, बापाचा हात... सगळ्या रेघा या खांद्याशी येतात. देव म्हणजे कूळ आणि खांदा म्हणजे कर्तव्य.” मुलांना त्यांच्या घराचं ठाऊक होतं. कुणी काही विचारत नसे.

एका दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. वर्ग सुटला होता, मी तिथंच बसलो होतो. त्या चित्रापुढं उभ्या राहिल्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या काळोखावर बोट ठेवलं.

“ही कोण?”

“त्याची बायको. नजर पुढं जावी म्हणून तिला छायेत ठेवलंय.”

“पुढं हिचं काय होतं?”

“हरवते. पुन्हा सापडत नाही.”

“मी शोधत शोधत आले, एवढाच फरक,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. डबा टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

अनंतरावांनी चित्राला डोळे लावून तो कोपरा पाहिला. मग म्हणाले, “काळोखात रेघा सगळ्यांत दाट असतात हो. कोरणाऱ्याचे कष्ट या बाईपाशीच झालेत. आणि मी मुलांना खांदा दाखवत बसलो.” डबा तसाच उचलून ते घरी गेले. तिथं काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर वर्गात ते त्या कोपऱ्यापासून सुरुवात करू लागले. आणि रस्त्यानं जाताना वहिनींच्या एक पाऊल मागं चालू लागले. त्या काळी हे विचित्रच दिसे. जोतिबाच्या पायऱ्यांवर एक दुकानदार ओरडला, “मास्तर, राखण करतायसा व्हय?”

“व्हय की,” अनंतराव म्हणाले.

परवा वहिनींना भेटायला गेलो होतो. निघताना त्याही मंडईला म्हणून माझ्याबरोबर बाहेर पडल्या. कोपऱ्यावर सायकली आडव्या आल्या, तशा त्या थांबल्या आणि मी शेजारी असूनही मागं वळून पाहिलं. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन रस्ता ओलांडला.