सरपंचाचा दिवा

हेमांगीच्या एका हातात ड्रॉपर आहे आणि दुसरा हात काचेच्या पेटीत. जानेवारीतली रविवारची दुपार, घरात ती एकटीच. पेटीतल्या दिव्याचा उजेड तिच्या मिटत्या पापण्यांवर पडतोय. पाचच मिनिटं, ती स्वतःला बजावते. मग दुसरा डोस.

पेटीत सरपंच पडलाय. सरपंच म्हणजे दाढीवाला सरडा, दीड फूट लांब, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. हेमांगीच्या मुलीनं रीतसर कागदपत्रं करून तो आणला आणि कॉलेजसाठी मणिपालला जाताना आजोबांच्या गळ्यात घातला. दगडावर चढून, गळा फुगवून हा प्राणी कशालाही मान डोलावतो, म्हणून आप्पांनी, म्हणजे हेमांगीच्या सासऱ्यांनी, त्याला हे नाव दिलं. गेले तीन आठवडे ती मान हललेली नाही. मागचे पाय थरथरतात. खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो. "कॅल्शियम चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले, "पण बुधवारपर्यंत फरक दिसला नाही, तर पुढचं मला सांगता येणार नाही." कॅल्शियम घड्याळ लावून चाललंय. फरक नाही. आणि गेल्या फेब्रुवारीत दवाखान्याच्या खाटेवरून आप्पांनी तिच्याकडे एवढंच मागितलं होतं: "सरपंचाकडं बघ गं."

"झोपलीस होय?"

आप्पा पेटीपाशी उकिडवे बसलेत. वीज बोर्डात वायरमन होते तेव्हाचा खाकी शर्ट, कमरेला पकड, कानावर पेन. ते आता नाहीत हे हेमांगीला ठाऊक आहे, पण तसं तोंडावर बोलणं तिला बरं दिसत नाही.

"नाही आप्पा. जरा डोळा लागला."

"मग झोपलीसच की." ते पेटीत हात घालतात. वरून झडप नाही. तळहात हळूच पोटाखाली सरकवायचा आणि थांबायचं, त्यानं आपण होऊन अंग टेकेपर्यंत. पुस्तकांत ही रीत हेमांगीनं नंतर वाचली. सातवी शिकलेल्या या माणसानं शहात्तराव्या वर्षी ती नुसती बघून बघून शोधली होती. कुंडीतली जास्वंदीची फुलं, शेवग्याचा कोवळा पाला, आठवड्याची विष्ठासुद्धा वहीत टिपलेली.

"खातो का?"

"पाला वाटून देते. तोंडात धरून ठेवतो, गिळत नाही."

"मान?"

हेमांगी तोंड वळवते. समोर तिच्या प्रयोगशाळेचं टेबल आहे, गावोगावचे पाण्याचे नमुने रांगेत लावलेले, आणि आप्पा मागच्या रसायनांच्या प्रत्येक बाटलीवरची पांढरी चिकटपट्टी वाचत निघालेत. उघडली कधी, टाकायची कधी.

"ही पद्धत मी तुझ्याकडनं उचलली."

"माहितीय. मसाल्याचे डबे, बॅटरीचे सेल, दात घासायचा ब्रश. घरात एक वस्तू तारखेवाचून सोडली नाहीत तुम्ही. माझ्याही पाठीवर एक चिकटवा म्हटलं होतं मी."

"तुला आणली कधी ते ठाऊक होतं. बदलायची कशाला?" आप्पा हसतात. मग एक नमुना उचलून खिडकीच्या उजेडात धरतात. "हे पाणी कसंय?"

"बघून नाही सांगता येत."

"आरशागत निवळ आहे की."

"दिसण्यावर मी रिपोर्टला सही करत नाही, आप्पा."

आप्पा मान डोलावतात, थेट सरपंचासारखी, कौतुकानं. टेबलाची कड हाताला गार लोखंडासारखी लागते, कारण ते लोखंडच आहे. दोघं विजेच्या खांबावर बसलीत. खाली कराडची कौलं, पत्रे, वाळत घातलेल्या साड्या. भीती वाटत नाही. आप्पांच्या शेजारी खांबावर भीती वाटेल कशी?

"या तारेत करंट आहे?"

"दिसत नाही."

"चाळीस वर्षं चढलो. बरोबरचे चांगले चांगले गडी गेले, बंद दिसली म्हणून तार धरली नि गेले. मी डोळ्यांचं कधी ऐकलं नाही. आधी टेस्टर, मग हात." ते पुढच्या खांबाकडे बोट करतात. तिथं सरपंच पडलाय आणि त्याच्यावर त्याचा दिवा टांगलाय, लख्ख. "तो लागलाय?"

"लागलाय की. रोज बारा तास असतो."

आप्पा कानावरचं पेन काढून तिच्यापुढे धरतात.

"कर सही."

हेमांगी हात पुढे करते, आणि तो हात काचेला आपटतो.

ड्रॉपर जमिनीवर पडलाय. घड्याळात सव्वातीन. पेटीतला दिवा तसाच लख्ख जळतोय, आणि ती त्याच्याकडे अशी बघत राहते, जणू तो आताच कुणी आणून लावलाय. हा दिवा उजेडासाठी नाहीच. उन्हातले जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत ते त्यानं द्यायचे. ते नसतील तर पोटात कितीही कॅल्शियम घाला, हाडांपर्यंत पोचत नाही. आणि दिवा जळत राहतो, पण ते किरण काही महिन्यांत आटतात. हे सगळं तिला माहीत होतं. डॉक्टरांनी दिव्याचं विचारलं तेव्हा ती ठामपणे म्हणाली होती, "चालू आहे."

ती बटण बंद करते. आप्पांच्या शिस्तीप्रमाणे प्लगही काढते. निवेपर्यंत थांबते, फडक्यात धरून दिवा फिरवत काढते. तो आप्पांनी बसवला होता. तिनं त्याला आजवर हात लावलेला नाही. बुडाशी पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, उष्णतेनं कडा तपकिरी झालेली. तिच्याच प्रयोगशाळेतली. आप्पांचं ठसठशीत अक्षर, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पट्टीनं ओढल्यासारखी रेघ:

बसवला १४ नोव्हेंबर. बदलणे १४ मे. हेमांगीला सांगणे.

मध्ये फेब्रुवारी आला होता.

ती पट्टी सोलून काढते आणि ठेवायला जागा न सुचून अंगठ्याला गुंडाळते. मग तळहात सरपंचाच्या पोटाखाली सरकवते, तो अंग टेकेपर्यंत थांबते आणि जिना चढून गच्चीवर जाते. नवा दिवा यायला चार दिवस लागतील. तोवर ऊन आहे.

कोमट फरशीवर फडकं अंथरून ती त्याला ठेवते. बराच वेळ काही होत नाही. मग सरपंच एक डोळा आकाशाकडे वळवतो आणि हळूहळू, फासळ्या बाजूंना सारत, अख्खं अंग भाकरीसारखं थापून उन्हात पसरतो. तीन आठवड्यांत हे त्यानं केलेलं नाही. मान हलत नाही अजून.

हेमांगी त्याच्याशेजारी फरशीवर बसते. अंगठ्यावरची पट्टी सुटू बघतेय. ती दुसऱ्या हातानं ती घट्ट दाबून धरते.

"सांगितलंत, आप्पा," ती म्हणते.