केसांआडचा डाग

दवाखान्यातली दुपार कलंडते आहे. पंखा कुरकुरतोय, सलाईनचे थेंब पडताहेत आणि दीक्षाच्या खाटेला डोकं टेकून बसलेल्या देवकाबाईच्या पापण्या जड होताहेत.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी दीक्षाला नखशिखांत तपासलं, तेव्हा पोरीच्या काखेत काळी खपली सापडली. विडीचा चटका बसावा तशी.

"स्क्रब टायफस," त्या म्हणाल्या. "गवतातला किडा चावतो, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पाऊस सरताना इकडे असे पुष्कळ पेशंट येतात. ताप, अंगदुखी, डोकं तर फुटतं की काय असं वाटतं. लोक मलेरिया नाहीतर डेंग्यू समजतात. सगळ्यांना असा डागही सापडत नाही. घाबरू नका बाई, वेळेत आणलीत. गोळ्यांनी बरी होईल."

गोळ्यांनी बरी होईल! हायसं वाटायचं सोडून देवकाबाई त्या खपलीकडं पाहतच राहिली. मागच्या आश्विनात थोरली प्रणाली अशाच तापानं फणफणली होती. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, एवढंच कळत गेलं. आणि नागपूरच्या वाटेवर, गाडीतच, आईच्या मांडीवर तिनं मान टाकली.

पंख्याची कुरकुर आता विळ्याची खरखर झाली आहे. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, प्रणाली गवत कापते आहे. ऊन आहे, पण तिची सावली पडत नाही.

"उन्हात काहून बसली व माय?"

"तुई वाट पाहून रायली."

"दीक्षीचा ताप?"

"उतरंल म्हणते डॉक्टरीण. काखेत डाग भेटला."

"बरं झालं," प्रणाली म्हणते आणि पुन्हा खाली वाकते.

देवकाबाईला विचारवत नाही, पण विचारल्यावाचून राहवतही नाही. "तुया कोठं होता व, बाई?"

प्रणाली आता पाटावर पाठमोरी बसली आहे, चुलीपुढं. देवकाबाईच्या हातात फणी आहे, वाटीत खोबरेल. ती पोरीचे केस मोकळे करते, तेल चोळते, भांग पाडत मानेपर्यंत येते. आणि कानामागं, केसांच्या मुळाशी, तिचं बोट थबकतं. काळी खपली. भोवती लाल कडं.

"दुखे काय व?"

"नाही ना. दुखलं असतं तर सांगतलं नसतं तुले?"

"तू केसाले हात लावू देत नव्हती. डोकं ठणकते म्हणे."

"ठणकतच होतं. मले तरी कोठं दिसलं, माय? मानेमागं डोळे असते का माणसाले?" प्रणाली खुदकन हसते. देवकाबाईला हसू येत नाही. डोळ्यांतलं पाणी पोरीच्या भांगात पडतं.

"रडू नको. वेणी घाल. घट्ट घाल."

देवकाबाई वेणी घालते. पेडामागून पेड येतात, केस काही संपत नाहीत. चुलीपासून दारात, दारातून दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात, खाटांच्या मधून वेणी वाढतच जाते. ती चालते आहे, गुंफते आहे. प्रणालीची पाठ पुढं, लांब, आणखी लांब.

"हळू चाल व, पोरी! शेंडा येऊ दे हातात!"

"माय... पाणी."

देवकाबाई दचकून डोळे उघडते. दीक्षा तिच्याकडं पाहते आहे. तिचं कपाळ घामानं भिजलंय, थंड लागतंय. कितीतरी दिवसांनी तिनं आपण होऊन पाणी मागितलंय.

"कोणासंग बोलत होती?"

देवकाबाई पेला उचलते, तर तो बोटांतून निसटतो. ती पुन्हा धरते, पुन्हा सरकतो. मग ती आपली बोटं पाहते, नाकाशी नेते.

ओलं, ताजं खोबरेल.

दीक्षाचे केस तर आजारी पडल्यापासून कोरडे, जटा झालेले.

देवकाबाई दुसऱ्या हातानं पोरीला पाणी पाजते. तेलाचा हात मात्र ती पदराला पुसत नाही.