अक्काची सही

नोंदणी कचेरीबाहेरच्या टायपिस्टने सवयीने शाईचं पॅड पुढे सरकवलं, तशी माझ्या शेजारी बसलेली पन्नाशीची बाई एकदम म्हणाली, "अंगठा कशाला? मला सही येती की!"

"साक्षरतेच्या वर्गाला जायची आमची अक्का," तिचा भाऊ कौतुकाने म्हणाला.

जीभ दातांत धरून तिने एकेक अक्षर काढलं. बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देण्याचा तो कागद. कुणी तो तिला वाचून दाखवला नाही, तिनेही विचारलं नाही. सही होताच भावाने पिशवीतली साडी तिच्या हातात ठेवली.

माहेर तुटू नये म्हणून बायका इथे सही करतात, आणि आपण त्यांना साक्षर म्हणून मोजतो. देश पुढे जातो तो असा. हाताला अक्षर दिलं. तोंडाला 'नाही' मात्र कुणी दिलं नाही.

"बरी आलीया न्हवं?" तिने मलाच विचारलं.

"छान आलीय," म्हणालो आणि रस्त्याकडे बघत राहिलो. माझ्याही पिशवीत तसाच कागद होता आणि एक साडी. बहीण अजून यायची होती. तिची सही फार सुरेख आहे. ती एम.ए. आहे.