बदललं काय ते सांगा

“बिघडलं काय ते नंतर बघू. आधी बदललं काय ते सांगा.”

गाडी घेऊन कोणीही आलं की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. हे म्हणताना ते सदऱ्याच्या गळ्याशी लावलेली सेफ्टी पिन चाचपायचे. वरचं बटण कधी तुटलं होतं देव जाणे. त्या जागी ती पिन होती, आणि माझ्या मते त्यांच्या गॅरेजातलं सगळ्यात कामाचं हत्यार तीच होती. पाने, हातोडे भोवती पसरलेले असायचे, पण अडलं की हात गळ्याशी जायचा.

भवानी पेठेत आमच्या घरापासून चौथं त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक कडुलिंब. माणसांशी ते मराठीत बोलत आणि इंजिनाशी कानडीत. “बारप्पा, बारप्पा,” ये बाबा, ये बाबा, असं आर्जव चालायचं. मी एकदा विचारलं, “इंजिनाशी कानडी का हो, मामा?”

“मराठी कळतं त्याला. पण ऐकत न्हाय.”

आमचं घर तेव्हा कसं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वडील चादरींचे गठ्ठे हातगाडीवर ओढायचे. गठ्ठे निघाले तर संध्याकाळी चूल पेटायची, नाही निघाले तर आई लवकर दिवा मालवायची. आम्हा दोघा भावांत चपलांचा एकच जोड होता. शाळेच्या वेळा वेगळ्या होत्या म्हणून भागलं. त्यातून मी बी.एस्सी. झालो. विषय पदार्थविज्ञान. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. हे मी आजही अभिमानानं सांगतो. तेव्हा जरा जास्तच सांगायचो, कारण नोकरी मिळाली नव्हती आणि सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मग वडिलांनी लिलावातली एक जुनी लष्करी जीप उचलली. ती दुष्काळाची वर्षं होती. जिल्हाभर रस्त्यांची नि तलावांची कामं निघाली होती, आणि ती तपासत फिरणाऱ्या एका साहेबांसाठी कचेरीनं आमची जीप भाड्यानं लावली. घरात रोज दोन्ही वेळा चूल पेटू लागली. असं सगळं मार्गी लागतंय तोवर जीपच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला.

मिस्त्रींनी भंगारातून दुसरं इंजिन आणलं. ते कुण्या संस्थानिकाच्या मोटारीचं होतं, जुन्यापेक्षा मोठं. आठ दिवस खपून त्यांनी ते जीपमध्ये बसवलं. पेठेत लगेच त्याचं नाव पडलं ‘राजेसाहेब’.

नवं इंजिन सुरू झालं त्या दिवशी आई पूजेचं ताट घेऊन आली. परक्या घरचं इंजिन, आपल्या घरात रुळायला हवं, असं तिचं म्हणणं. तिनं मिस्त्रींना विचारलं, “याचं तोंड कुटं असतंय हो?”

मिस्त्री गाडीखालून म्हणाले, “पितं जितनं तेच तोंड की, अक्का!”

आईनं ताट खाली ठेवलं. पुढचं तिनं काय केलं याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

राजेसाहेब गावात झकास चालले. पण दोन-तीन आठवड्यांनी खोड सुरू झाली. अक्कलकोट रोडला एमआयडीसी मागे पडली, रस्ता मोकळा झाला, काटा चाळीसवर स्थिरावला, की दहाएक मिनिटांनी इंजिन खोकायला लागायचं. खॉक, खॉक. मग गचके. मग बंद. रस्त्याकडेला थोडा वेळ उभं राहिलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

पेठेतल्या लोकांना विषय मिळाला. “राजेसाहेबांना खडी सोसत न्हाय.” “मखमल अंथरा की शिटावर.” वडील हसायचे नाहीत, कारण साहेबांसकट गाडी दोनदा रस्त्यात थांबली होती. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, “सोमवारी माळशिरसला जायचंय. वाटेत एकदा जरी थांबली, तरी मंगळवारपासून दुसरी गाडी.”

त्या रात्री वडील जेवले नाहीत. सकाळी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “एवढं शिकलास, यातलं काय शिकवलं न्हाय व्हय कालेजात?”

ते मला लागलं. मी वही काढली आणि संभाव्य कारणांची यादी केली. प्लग, पॉइंट, टायमिंग, कार्बोरेटरचा जेट, पेट्रोलचा पंप, सगळी मिळून अकरा. इंग्रजीत लिहिली, खाली रेघ मारली आणि गॅरेजात नेऊन दिली.

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवून वही हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग कळलं, उलटी धरली होती.

“अक्षर लई झ्याक हाय, बीएस्सी,” ते म्हणाले. “पर अकरा रोग झालेला माणूस गावात नाचत फिरंल का? गावात ह्याला काय होत न्हाय. पळाया लागला की धापतोय. जरा टेकला की बरा. ह्याला रोग न्हाय, तहान हाय तहान.”

“टाकी भरलेली असते, मामा.”

“भरल्या विहिरीवर बी माणूस तहानलेला असतोय. दोर पुरला न्हाय तर? बरं, बदललं काय ते सांग.”

“इंजिन.”

“ते मीच बदललं. त्याच्यानंतर काय बदललं?”

“काहीच नाही.” मी अगदी शास्त्रीय खात्रीनं सांगितलं.

रविवारी वडील साहेबांच्या घरी विनवायला गेले होते. तेवढ्यात मी आणि मिस्त्री जीप घेऊन अक्कलकोट रोडला लागलो. मी चालवत होतो. मिस्त्री शेजारी डोळे मिटून बसले होते, तोंडानं “बारप्पा, बारप्पा” चाललेलं. काटा चाळीसवर. तीन मैल, सहा मैल, काही नाही. मला वाटलं, आज नेमकं काही होणार नाही आणि उद्या साहेबांसमोर होईल. तेवढ्यात खॉक.

“थांबीव. कशाला हात लावू नगो.”

मी थांबवली. तुमच्यापैकी कुणी तसली जीप पाहिली असेल तर आठवेल, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि तिचं टोपण बाहेरच्या अंगाला. मिस्त्री वळसा घालून माझ्या बाजूला आले, खाली बसले आणि टोपण फिरवलं.

फुस्स!

एवढा मोठा सुस्कारा मी माणसाचासुद्धा ऐकला नव्हता. टाकी हवा आत ओढून घेत होती.

मिस्त्रींनी टोपण उन्हात धरलं. त्यावर भस्माचे तीन पट्टे होते. आठवड्यावर आठवडे तेलात कालवून लावलेले, वाळून सिमेंट झालेले. आणि बरोबर मधोमध, जिथं हवा आत जायला सुईएवढं भोक असतं तिथं, कुंकवाचा ठसठशीत टिळा.

“हे कुणी?”

“आईनं असेल. दर सोमवारी करते पूजा. नवं इंजिन आल्यापासून.” बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला.

“मग हे बदललं की रं! पर हितं? टोपणावर का म्हणून...”  मिस्त्री कपाळावर हात मारून रस्त्यातच फतकल मारून बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सायकलवरून पाळीला निघालेले कामगार थांबून बघू लागले. “तोंड मीच दावलं की तिला! पितं जितनं तेच तोंड! आठ दिस खपून इंजिन बशिवलं, आन् एका वाक्यात बंद पाडलं मी!”

मग त्यांनी गळ्याची पिन काढली, जिभेवर ओली केली आणि टिळ्याच्या मधोमध खुपसली. टिळा तसाच राहिला, भोक मोकळं झालं. आम्ही मोठं वळण घेऊन चाळीसच्या काट्यावर घरी आलो. राजेसाहेब एकदाही खोकले नाहीत.

पण आईला सांगायचं कसं? दर सोमवारी हात जोडून ती ज्याचं भलं मागत होती, त्याचाच गळा दाबत होती. मिस्त्री थेट स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि वाटीभर तेल मागितलं. आईनं कोपऱ्यातला डबा उचलून तिरपा केला. डब्याच्या झाकणाला दोन भोकं होती.

“अक्का, तेल तर एकाच भोकातनं येतंय. दुसरं कशाला पाडलंया?”

“वारा आत गेल्याबिगर तेल बाहेर कसं यील?” आई म्हणाली. “एवढं बी कळत न्हाय?”

मिस्त्रींनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. “ऐकलं का, बीएस्सी?”

आईच्या हातातली वाटी थबकली. तिनं दाराबाहेर जीपकडे बघितलं, टोपणाकडे बघितलं, आणि तिचं तोंड उतरलं. मिस्त्री घाईनं म्हणाले, “देवाला भस्म कुटं लावताय, अक्का? तोंडावर का कपाळावर?”

“कपाळावर.”

“मग तोंड मोकळं ऱ्हाऊ द्या. गाडीचं कपाळ म्हंजे बॉनेट. तितं लावा की, लई लावा. चूक माझी. मला तोंड इचारलं, मी तोंड दावलं. कपाळ कुणी इचारलंच न्हाय.”

आई हसली. तेवढ्यात वडील आले, रिकाम्या हातानं. मिस्त्रींनी मला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानं म्हणाले, “मालक, गाडी झाली बरी. टाकीत हवा जात नव्हती. तुमच्या पोरानं शोधलं. कालेज फुकट गेलं न्हाय.”

  वडील माझ्याकडे असं बघत होते की खरं सांगायला जीभ उठेना.

पुढं बरीच वर्षं वडील पेठेत हे सांगत फिरायचे. मिस्त्री तिथं असले तर हात गळ्याच्या पिनेकडे न्यायचे आणि माझ्याकडे बघून एक डोळा बारीक करायचे. त्यांनी कुणाला कधी काही सांगितलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

मिस्त्री गेले तेव्हा मी शाळेत शिक्षक होतो. हवेचा दाब शिकवायचा आला की मी एका भोकाचा तेलाचा डबा वर्गात नेई. त्यांच्या तेराव्याहून परत येताना मला राहवलं नाही. कडुलिंबाखाली पत्रे काढलेल्या मोकळ्या जागेशी थांबून वडिलांना म्हणालो, “दादा, ते टोपणाचं... मी नव्हतं शोधलं.”

वडील म्हणाले, “ठावं हाय.”

“कधीपासून?”

“त्याच सांजच्यापास्नं. टोपण मी बी उघडतोय की. टिळ्यात पिनेचं भोक. पिन लावून गावात कोण हिंडतंय, ते काय मला म्हाईत न्हाय?” त्यांनी कडुलिंबाच्या बुंध्यावर हात ठेवला. “इचारलं मिस्त्रीला. म्हणला, मालक, पोरगं डिगरी घिऊन घरात मान खाली घालून बसलंया. चार माणसांत वर करू दे की. म्हणून मी सांगत फिरलो.”

टोपण मोकळं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, जीप माळशिरसला गेली आणि परत आली. वाटेत एकदाही थांबली नाही. कामं संपेपर्यंत ती साहेबांकडे लागून राहिली. तिच्यावर माझा भाऊ शिकला, बहीण शिकली. आज आमच्या घरात तीन पदवीधर आहेत. आणि इंजिनाची तहान मिस्त्रींनी ओळखली होती, मी नाही.