दुधातले थेंब

त्या बाईचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी तेव्हा माण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी एक सव्वीस-सत्तावीस वर्षांची सून गावाहून चालत ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने पाण्याचा ग्लास दिला, तर तिच्या हाताच्या कंपाने निम्मं पाणी टेबलावर सांडलं.

"सायब, मला कोणतरी मारतंय."

"कोण?"

"आत्याबाई. दुधात कायतरी घालत्यात. दुधाला गंजल्यावानी चव लागती. छातीत लय धडधडतंय, झोप न्हाई, अंग वाळत चाललंय."

नवरा मुंबईत माथाडी कामगार. घरात या दोघीच. असे सासू-सुनांचे तंटे मी शेकड्याने पाहिले होते. डायरीत नोंद केली, "बघतो" म्हणालो आणि तिला घरी पाठवलं. जाताना ती दारात दोनदा थांबली आणि तिने मागे वळून पाहिलं. मी दुसऱ्या कागदावर सही करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गावातून फोन आला. शेजारीण बोलत होती. "आवं सायब, पोरगी चुलीपुढं पडलीया. म्हातारीला दुधात बाटलीतनं थेंब घालताना मी सोता बगितलंय."

जीपमध्ये बसलो तेव्हा डोक्यात एकच होतं. ती मेली असेल, तर डायरीतली ती नोंद माझ्याच अक्षरातली होती.

ती जिवंत होती, पण शुद्ध हरपल्यासारखी बडबडत होती. गळ्याजवळची शीर दिसेल इतकी उडत होती. रुग्णवाहिकेने तिला ग्रामीण रुग्णालयात हलवलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपायाला शेजारी बसवून मी सासूसमोर बसलो. साठीची, काटक बाई. घरच्या मेंढरांमागं उन्हात फिरून रापलेली.

उडवाउडवी करील, रडेल, नाकारील अशी माझी अटकळ होती. तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"व्हय. मीच घालत हुते."

एवढ्या शांतपणे दिलेला कबुलीजबाब मी त्याआधी ऐकला नव्हता.

"किती दिवस?"

"दोन म्हैनं. आदी दोन थेंब. मग पोरगी वाळाया लागली तवा चार केलं."

"वाळायला लागली म्हणून वाढवलं?"

"मग? आवशीद कमी पडत आसंल म्हनलं."

तिने मडक्यामागून तपकिरी बाटली काढली. सुनेच्या गळ्यावर गाठ आली होती. चारचौघांत ती पदर ओढून बसायची, दवाखान्याचं नाव काढलं की रडायची. बाजारातल्या एका औषधवाल्याने सांगितलं, हे थेंब पोटात गेले की गाठ विरघळते. सून घेणार नाही, म्हणून म्हातारीने दुधात घातले.

माझा विश्वास बसेना. विष घालणाऱ्यांकडे अशा कहाण्या तयार असतात. मी पंचांना बोलावलं आणि बाटली मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली. झाकण बघताना एक थेंब परातीतल्या ज्वारीच्या पिठावर पडला. पीठ तिथं काळंनिळं झालं. म्हातारी किंचाळली, "आगं बाई! ईख हाय व्हय गं हे?"

महिला शिपाई खाली वाकली. "साहेब, आयोडीन वाटतंय. शाळेत बटाट्यावर टाकून दाखवायचे. अस्साच रंग यायचा."

मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मिठातून रोज मिळतं तेवढं आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला पुरतं," ते म्हणाले. "गाठी असलेल्या ग्रंथीला एवढं जास्तीचं पाजलं, तर ती बेफाम होते. धडधड, कंप, वजन उतरणं आणि भीती, सगळं त्यातलंच. आणखी आठवडाभर चाललं असतं, तर हृदयच बंद पडलं असतं." पुढे साताऱ्याच्या तपासणीत रक्तानेही तेच सांगितलं.

औषधवाला लोणंदचा निघाला. पुढच्या आठवडा बाजारात त्याला पकडला, तेव्हा तो हसला. "सायब, मिठात आसतंय तेच हाय. त्यानं कुनाचं काय हुतंय?" बाटल्या कुणाकुणाला विकल्या, हे त्याला आठवत नव्हतं. माझी खरी झोप उडाली ती तेव्हा. गावोगावी रिक्षावर भोंगा लावून आम्ही पुकारा केला. अकरा बाटल्या परत आल्या. न आलेल्या किती, हे मला कधीच कळलं नाही.

औषधवाल्यावर गुन्हा दाखल झाला. सासूचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. सून गोळ्यांनी हळूहळू सावरली. रुग्णालयात म्हातारी तिच्या पायथ्याशी बसून असायची, खाटेवर टेकायचं धाडस करत नसे. बाराव्या दिवशी सुनेने पाय थोडे आखडून घेतले आणि ती म्हणाली, "वर बसा, आत्या." म्हातारी पदरात तोंड खुपसून रडली.

नोकरीत मी एक हिशेब पक्का मानला होता: समोरासमोरच्या दोन माणसांचं सांगणं जुळत नसेल, तर एक जण खोटं बोलतो. त्या घरात दोघीही खरं बोलत होत्या. एकीच्या जिवावर बेतलं होतं, दुसरीच्या मनात पाप नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी सगळा पुरावा माझ्या टेबलासमोर उभा होता, थरथरत. मी त्याला फक्त भ्यालेली बाई समजलो.