दुधाची गाठ

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हातातली बत्ती खाली ठेवली आणि तुमच्या आईला, कुसुमला, विचारले, "बाई, छातीत कुठे गाठ आहे का?"

कुसुमने माझ्याकडे पाहिले. उत्तर मीच दिले. "आहे. दुधाची. मी शेक देते आहे."

डॉक्टरांनी नागपूरच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

मधू, अनू, तुम्ही दूर दिल्लीला वाढता आहात. आई कशाने गेली, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवे.

अनू दीड महिन्याची होती तेव्हा कुसुमने, माझ्या लेकीने, मला ती गाठ दाखवली. दुखत नव्हती. बाळंतिणीची छाती पुरुष डॉक्टरला दाखवायची आमच्या दिग्रसच्या घरात रीत नव्हती. इंग्रजी शिकलेली मी, मीही ती मोडली नाही. वहीत तारीख घालून लिहिले: दुधाची गाठ, एरंडाच्या पानाचा शेक, दोन वेळा. सात महिने रोज खूण केली.

मग तिच्या डाव्या डोळ्यापुढे पडदा आला. शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "ऊन लागलं असन. कायले घाबरता?" पंधरवड्यात उजवाही धूसर झाला, तेव्हा आम्ही यवतमाळची बस धरली.

पुढे नागपूरच्या इस्पितळात नाव कळले. मेटॅस्टॅसिस, म्हणजे रोगाने मूळ जागा सोडून दुसरीकडे रुजणे. छातीतला कॅन्सर डोळ्यांच्या आत पोचला होता.

"बऱ्या होणार नाहीत," डॉक्टर मला म्हणाले. "नजर काही महिने राखता येईल."

कुसुमने ऐकले होते. "पोरगी चालेपर्यंत?" तिने विचारले.

रोगाला खतपाणी मिळू नये म्हणून ओव्हरी, म्हणजे बीजकोश, काढले. मग तीन आठवडे डोळ्यांवर डीप एक्स-रे, म्हणजे रोग जाळणारे किरण. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. बाहेरच्या बाकावर पुसदची एक बाई भेटली. तिने गाठीवर वर्षभर हळद लावली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहणे टाळत असू.

डावा डोळा गेला. उजव्याने कुसुम पाहू लागली.

एका सकाळी अंगणात ती मोठ्याने हसली. "आई, पाह्य ना! बदकावानी चालून राह्यली!"

त्यानंतर ती दीड महिना होती. मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता गावात कोणी बाई गाठ म्हणाली, की मी स्वतः तिला बसमध्ये बसवून डॉक्टरकडे नेते. वही मी फाडलेली नाही. खुणांच्या त्या पानांनंतर, नागपूरच्या डॉक्टरांनी मिळवून दिलेल्या दिवसांपैकी एकाची नोंद आहे: अनू नऊ पावले चालली. कुसुमने मोजली.