गुरुजींची केस

२४ जून २०२५. मी कैऱ्या फोडायला बसले होते. तेवढ्यात सासरे धुवट सदरा घालून समोर आले आणि म्हणाले, "मोबाईल चार्ज आहे ना?"

दुसऱ्या दिवशी आणीबाणीला पन्नास वर्षं होणार होती. जामखेडच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपने जुन्या शिक्षकांकडून आठवणींचे व्हिडिओ मागवले होते. मी बरणीला मोबाईल टेकवला. "बोला, दादा."

ते सरळच बोलले. नसबंदीच्या दोन केस आणा, नाहीतर बदली, असा तेव्हा शिक्षकांना दम होता. दुसरी केस मिळेना. मग शेजारच्या वस्तीवरच्या एका गड्याला 'नुसतं तपासायचंय' असं सांगून त्यांनी सायकलवर डबलसीट नेलं. "खोटं बोललो मी. तो अजून आहे. मला त्याची माफी मागायचीय." घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी बोललेल्या शब्दांची खाली अक्षरं आणि चित्रं उमटवणारं ॲप लावलं, व्हिडिओ न बघताच ग्रुपवर टाकला आणि मोहरी कुटायला घेतली. तासाभराने पाहते तर जिथे जिथे 'केस' शब्द, तिथे तिथे ॲपने कात्री आणि कंगवा काढलेला! खाली एकीने विचारलं होतं, "गुरुजी, मग टकल्यांची बदली व्हायची का?"

मला हसू आवरेना. हळदीचे हात तोंडावर दाबले, तर तोंडही पिवळं.

"माफी मागायला गेलो आणि न्हावी झालो," सासरे म्हणाले. ते मात्र हसत नव्हते. "त्याला वाटेल, थट्टा केली."

संध्याकाळी ग्रुपवरच त्या गड्याच्या सुनेच्या मोबाईलवरून व्हॉइस मेसेज आला. "गुरुजी, मी तुमची केस बोलतोय! ती कात्री लई बराबर काढली बगा. पर पन्नास वर्सं दोन किलोमीटर येनं झालं न्हाई, अन् आता मोबाईलवर माफी मागता व्हय? सकाळी या. तोंडावर बोला, मग बगू माफीचं."

सासऱ्यांनी ते सहा वेळा ऐकलं. सातव्या वेळेला हसले.

सकाळी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. म्हातारा कोरी टोपी घालून ओट्यावरच होता. सासऱ्यांनी हात जोडले, तर त्याने ते धरून खाली केले. "थांबा. क्यामेरा कुटंय? समद्या ग्रुपला दिसू द्या, कोन हात जोडतंय ते."

मोबाईल मी मुद्दाम घरी ठेवला होता. परत जाऊन घेऊन आले.